पंखाचा पीळ

सरळ रेषेवर देवाइतकी श्रद्धा असलेला एक मनुष्य एकदा विमान बांधायला शिकू लागला.

त्याचे नाव श्रीरंग. एका कारखान्यात तयार झालेले सुटे भाग मोजून पाहणे हे त्याचे काम. केसाएवढा फरक निघाला तरी तो भाग बाजूला काढायचा, हे वीस वर्षे केल्यामुळे वाकडेपणा त्याच्या डोळ्यांना टोचत असे. विमान अर्थात माणसे बसतील असे नव्हते. पाच फूट पंखांचे, बाल्सा नावाच्या हलक्या लाकडाच्या फासळ्या एकेक चिकटवून बांधायचे, त्यावर पातळ कागद चढवायचा, नाकात लहानसे इंजिन बसवायचे आणि जमिनीवर उभे राहून रेडिओच्या कंट्रोलने ते आकाशात फिरवायचे. या सामानाचा खोका त्याच्या वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, ऐन तरुणपणी हौसेने घेतला होता. संसाराच्या धबडग्यात तो उघडायचाच राहिला. पुढे तो बनवणारी कंपनीही बंद पडली. आता अण्णांची एक बाजू लुळी पडून ते अंथरुणाला खिळले होते, आणि ते विमान उडालेले पाहायचे आहे एवढी एकच इच्छा त्यांनी अडखळत बोलून दाखवली होती.

गावात अशी विमाने बांधणारे एक वृद्ध गृहस्थ होते, वर्तक मास्तर. श्रीरंग खोका घेऊन त्यांच्याकडे गेला. मास्तरांनी पिवळा पडलेला नकाशा उलगडून पाहिला, लाकूड बोटांनी दाबून पाहिले, आणि रविवारी सकाळी येत जा, एवढेच सांगितले.

चार महिने काम चालले. पंखासाठी श्रीरंगने काच मांडली आणि तिच्यावर ठेवून एकेक फासळी लावली. कागद चढवून, त्यावर लाखेसारखा डोप फिरवून पंख वाळला, तेव्हा त्याने तो डोळ्यापाशी धरून एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे पाहिले. पाण्याच्या पृष्ठभागासारखा सपाट होता. आपल्या हातून इतके निर्दोष काही घडल्याचे त्याला आठवत नव्हते.

मास्तरांनी पंख पाहिला. छान झालाय म्हणाले. मग त्यांनी स्टोव्हवर चहाची किटली ठेवली. श्रीरंगला वाटले, चहा होतोय. पाणी उकळून तोटीतून वाफ येऊ लागली तशी मास्तरांनी पंखाचे एक टोक त्या वाफेवर धरले, कागद मऊ पडेपर्यंत थांबले, आणि दोन्ही हातांनी टोकाला पीळ दिला. मागची कड वर उचलली गेली. गार होईपर्यंत त्यांनी ती तशीच धरून ठेवली. मग दुसरे टोक घेतले.

श्रीरंगचा हात आपोआप पुढे झाला होता, पण मास्तरांच्या हातातून पंख ओढून घेणार कसा? त्याने कारण विचारले. मास्तर म्हणाले, आधी उडव, मग बोलू. नकाशात असा पीळ कुठे आहे, असेही त्याने विचारले. नकाशात नाही, असे मास्तर शांतपणे म्हणाले आणि किटलीतल्या उरलेल्या पाण्यात चहाची पूड टाकली.

तो पंख घेऊन, पूर्ण गोंधळून घरी आला. मास्तरांचे वय झाले, हाताचा नेम सुटला, की आपल्याच शिकण्यात काही खोट आहे? त्याने पट्टीने मोजले. दोन्ही टोके अगदी सारखी वर उचलली होती. म्हणजे ही चूक नव्हती, आणि तेच त्याला जास्त छळू लागले.

त्याच आठवड्यात घरात दुसरे कोडे उभे राहिले. अण्णांचे करायला तिघे जण होते: श्रीरंग, त्याची बायको मृदुला आणि पलीकडच्या गल्लीत राहणारी त्याची थोरली बहीण नलूताई. कुणावर अन्याय नको म्हणून श्रीरंगने दिवसाचे तीन समान भाग पाडले होते. अंघोळ, जेवण भरवणे, कुशीवर वळवणे, औषध, सगळे मोजून वाटलेले. वर्षभर त्यात मिनिटाचा फरक पडला नव्हता. आणि त्या गुरुवारी तिघेही एकाच दिवशी आडवे झाले. मृदुलाला ताप भरला, नलूताईची कंबर धरली, श्रीरंगला उठून उभे राहिले की घेरी येत होती. अण्णांना कुशीवर वळवायला शेजारच्या सरवटे बाईंना बोलवावे लागले. अण्णा ओशाळल्यासारखे भिंतीकडे पाहत राहिले.

श्रीरंगला ते पाहवले नाही. पण कळलेही नाही. वाटणी इतकी समान असताना घर असे कोसळावे कसे?

दोन आठवड्यांनी, सगळे बरे झाल्यावर, गुरुशिष्य गावाबाहेरच्या माळावर गेले. विमान धावले, उचलले गेले आणि पंखांतून ऊन झिरपवत वर चढले. मास्तरांनी ते दोन घिरट्या घालून स्थिर केले आणि कंट्रोल श्रीरंगच्या हातात दिला. थोडा वेळ त्याला सराव करू दिला. मग म्हणाले, "अजून वर घे. आता इंजिन मंद कर, आणि नाक वर धरून ठेव."

"मास्तर, वेग संपेल. पडेल ते."

"धरून ठेव. सोडू नकोस."

चार महिन्यांचे काम आणि अण्णांचे आयुष्यभर जपलेले एकुलते एक विमान त्याच्या अंगठ्याखाली होते. हे आपण का करतो आहोत, हे त्याला कळत नव्हते. तरी त्याने धरून ठेवले. विमान हळू झाले, आणखी हळू झाले, हवेत टांगल्यासारखे थबकले. एक क्षण पंख थरथरला. आता एक बाजू खचणार आणि ते गिरक्या खात जमिनीत जाणार, अशी त्याची खात्री झाली.

तसे झाले नाही. नाक अलगद खाली झुकले. पंख मात्र डावीउजवीकडे कुठेही न कलंडता आडवेच राहिले. मास्तरांनी आता सोड म्हटले. त्याने सोडले. विमानाने खाली येता येता वेग घेतला आणि ते पुन्हा सरळ उडू लागले.

उतरवून झाल्यावर दोघे गवतावर बसले. मास्तर बोलू लागले.

"पंख सगळीकडे सारखा असला की सगळा सारखाच झुंजतो, आणि सुटायची वेळ येते तेव्हा जवळजवळ सगळा एकदम सुटतो. त्यातही एक बाजू क्षणभर आधी खचते आणि विमान फिरत खाली जातं. तू केलास तो पंख उत्तम होता, पण त्याच्यात मागे काही राखून ठेवलेलं नव्हतं. टोकांना पीळ दिला म्हणून ती वाऱ्याला जरा कमी भिडतात, कमी भार उचलतात. एरवी तुला ती कामचुकार वाटतील. पण मधला भाग थकून हात टेकतो ना, तेव्हा टोकांत अजून जोर असतो. तेवढ्यावर ते विमान पडत नाही, खाली वाकून दम घेतं."

"हे तुम्ही त्याच दिवशी का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर तू पट्टी घेऊन पीळ मोजत बसला असतास."

पट्टीने मोजून झाले होते, हे श्रीरंगने मास्तरांना सांगितले नाही.

विमान माळावर उडत असताना मास्तरांनी फोनवर चित्रण केले होते. संध्याकाळी ते अण्णांनी तीनदा पाहिले. विमान थबकते तिथे प्रत्येक वेळी त्यांनी श्वास रोखला, आणि ते सावरले की धडधाकट हाताने चादरीवर हळूच थापटले.

तेवढ्यात नलूताई आपल्या पाळीला आली. आल्याआल्या पदर खोचून ती अण्णांचे पाणी तापवायला निघाली, तर श्रीरंगने तिला दारातच थांबवले. आजपासून तू एकच तास येत जा, बाकीचे मृदुला आणि मी पाहू, असे त्याने सांगितले. आम्ही दोघे दमलो की तुझी गरज लागेल, म्हणून.

नलूताईला ते काही कळले नाही. ती त्याच्या तोंडाकडे पाहतच राहिली.

"माझं काही चुकलं का रे?"

"नाही ताई. तुझं काहीच चुकलं नाही. चूक माझ्या वाटणीत होती."

"मग राहिलेल्या वेळात मी काय करू?"

श्रीरंगने विमानाचे सांगून पाहिले. वाफ, पीळ, टोके, सगळे. तिच्या चेहऱ्यावरचा गोंधळ वाढतच गेला. शेवटी तो म्हणाला, "काही करू नकोस. नुसती बस."

ती दारातच खुर्चीवर टेकली. खोचलेला पदर तिने सोडला आणि पाय लांब केले. आत मृदुलाने पाणी तापायला ठेवल्याचा आवाज आला. तेव्हाही नलूताई उठली नाही.