अकरा दारांची घरपट्टी

करंजगड संस्थानात घरपट्टी दारांवर बसायची. एका दाराला वर्षाचा एक रुपया. बाळोजी सुताराच्या घराला दार एकच, आणि पट्टीचा कागद आला बारा रुपयांचा! शनिवारपर्यंत भरा, नाहीतर घराला लाखेची मोहोर. करवती, रंधे, पटाशा सगळं घरातच. म्हणजे बाळोजीचा धंदाच कुलपात!

बाळोजी कपाळाला हात लावून बसला. त्याची मुलगी सारजा मात्र कागद घेऊन तडक दफ्तरखान्यात गेली.

दफ्तरदार आबाजीपंत पान लावत होते. त्यांच्या मागे छतापर्यंत फळ्या, आणि फळ्यांवर लाल कापडात बांधलेले कागदांचे तीनशे रुमाल.

“पंत, आमच्या घराची नोंद बघायचीय. बारा दारं आली कुठून?”

“रुमालाचा आकडा सांग.”

“तो कुठं मिळेल?”

“रुमालात लिहिलेला असतो.”

“मग सोडा की रुमाल!”

“आकडा सांग, सोडतो.”

पंत गेली वीस वर्षं हेच सांगत होते. वीस वर्षांत एकाही माणसाला आपली नोंद बघायला मिळाली नव्हती, आणि म्हणूनच करंजगडच्या दफ्तरात आजवर एकही चूक सापडली नव्हती!

सारजानं फळ्यांवरून नजर फिरवली. “वरून तिसरी फळी, डावीकडून पाचवा रुमाल. तो काढा.”

पंतांच्या हातातलं पान हातातच राहिलं. “तुला गं काय ठाऊक?”

“बाकी सगळ्यांवर बोटभर धूळ आहे. आमचा कागद परवा लिहिलात ना? मग परवा एकच रुमाल खाली आला असणार!”

दारात कुणीतरी मोठ्यानं हसलं. खुद्द महाराज! “काढा पंत, काढा! पोरीनं तुमच्या धुळीला बोलतं केलं.”

रुमाल सुटला. पंतांनी वाचलं, “बाळोजी सुतार. घर दक्षिणमुखी. दारे बारा.”

“घर दक्षिणमुखी, हे खरं,” सारजा म्हणाली. “पण सरकार, आकारणीचे कारकून घोड्यावरून उतरलेच नाहीत! गिऱ्हाइकाची अकरा दारं बानं तेल पाजून भिंतीला टेकवली होती. त्यांनी लांबूनच तीही मोजली, आणि निघाले पुढं. दार उघडून कुठं जातं, एवढं तरी बघायचं!”

महाराजांचं हसू विरलं. “आमचं दफ्तर चुकत नाही, मुली. आजोबांपासून एक अक्षर खोडलेलं नाही, आम्हीही खोडणार नाही. हुशार आहेस ना? मग नोंद खरी धर, आणि तरी पट्टी कमी करून दाखव! शनिवारपर्यंत. नाही जमलं तर घराला मोहोर.”

“जमेल, सरकार. फक्त हुकमात एवढं लिहा, नोंदीतल्या बाराही दारांना मोहोर करावी. आणि नोंद दुरुस्त झाल्याशिवाय मोहोर कुणी मोडू नये.”

“लिहा पंत!” म्हणत महाराजांनी झोकात सही ठोकली.

शनिवारी सकाळी हैबती जमादार लाख आणि शिक्का घेऊन सुताराच्या दारी हजर झाला. हैबतीला हुकमाबाहेरचं काही कळत नसे. ‘सरळ चालावे’ असं लिहून दिलं असतं, तर समोर विहीर आली तरी तो थांबला नसता. त्यानं घराच्या दाराला मोहोर केली आणि इकडंतिकडं पाहिलं.

“एक झालं. बाकीची अकरा?”

“चला हैबतीकाका, दाखवते. खालच्या कोपऱ्यात बानं कोरलेली चिमणी असते. ती दिसली की लावा लाख!”

आणि सारजा निघाली, ती थेट राजवाड्यात! गिऱ्हाईक दुसरं-तिसरं कुणी नव्हतंच. आकारणी झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी ती दारं गाड्यांवरून इथंच आली होती. नव्या दिवाणखान्याची सहा दारं, दागिन्यांच्या तोशाखान्याची दोन, मुदपाकखान्याची दोन. चिमणी दिसली की हैबती खाली बसे आणि ठप्प! आचारी ओरडले, पंत धावत आले. हैबतीनं सगळ्यांच्या तोंडासमोर महाराजांच्या सहीचा हुकूम धरला.

अकरावं दार नहाणीघराचं. चिमणी होती. ठप्प!

थोड्या वेळानं आतून धक्का बसला. “कोण आहे रे? दार उघडा!”

हैबती जागचा हलला नाही. “सरकार, मोहोर मोडायची मनाई आहे. सरकारचाच हुकूम.”

“कसला हुकूम?”

“बारा दारांचा, सरकार!” सारजा म्हणाली. “दफ्तर चुकत नाही. म्हणजे ही अकराही दारं आमच्याच घराची. तुम्ही या घडीला सुताराच्या घरात आंघोळ करताय! करा, सावकाश करा. आम्ही भाडं मागत नाही.”

आत तांब्या खाली आपटला.

“मग आता बाहेर कसं यायचं?”

“नोंद दुरुस्त झाली की. कागद आणि शाईत बुडवलेला बोरू दाराखालून सरकवते, तुम्ही सही करा.”

“पंत! नोंद आणा, लवकर!”

वीस वर्षांची सवय! पंतांच्या तोंडून निघून गेलं, “सरकार, रुमालाचा आकडा?”

“पंत!!”

पंत असे पळाले की त्यांचं पागोटं वाटेतच राहिलं. कागद दाराखालून आत गेला. ‘दारे बारा’ खोडून ‘दार एक’ लिहिलेला, पाण्यानं भिजलेला कागद बाहेर आला. हैबतीनं तो दोनदा वाचला आणि मगच मोहोर मोडली.

महाराज ओल्या पंच्यानिशी बाहेर आले. दाराच्या कोपऱ्यातली चिमणी त्यांनी वाकून पाहिली. “आजोबांचं दफ्तर खोडायला लावलंस! बरं, तुझी पट्टी एक रुपया. पण या उरलेल्या अकरा दारांची पट्टी कोण भरणार?”

“ज्यांच्या घरात ती उघडतात ते, सरकार.”

महाराज असे खदाखदा हसले की पंचा सावरायला त्यांना भिंतीचा आधार घ्यावा लागला! त्यांनी तिथल्या तिथं अकरा रुपये मोजले, पंतांना पावती फाडायला लावली आणि सारजाच्या हातात सोन्याचं कडं घातलं. “माग, आणखी काय हवं?”

“तीनशे रुमाल, सरकार. चावडीत, खालच्या फळीवर. आणि पंतांनी फक्त नाव विचारायचं.”

सोमवारपासून चावडीत ही रांग लागली! पहिल्या नंबरावर हैबती जमादार. दफ्तरात त्याच्या घराला म्हणे नऊ दारं होती.