जायफळाने आलेली झोप

एका नदीकाठच्या गावी एकदा एक वृद्ध वैद्यीण राहत असे. गाव त्यांना वैद्यकाकू म्हणे, कारण स्वयंपाकघरातल्या डब्यांतूनच त्या निम्म्या गावाची दुखणी बरी करीत. त्यांची एक शिष्या होती. बुद्धीने तल्लख, पाठांतर पक्के, आणि नुकतीच आई झालेली. तिन्ही गोष्टी एके ठिकाणी आल्या की काय होते, ते आयांना वेगळे सांगायला नको.

एके सकाळी शिष्येचे तान्हे बाळ रडू लागले. तिने वारा लागू नये म्हणून त्याला कुंची, पायमोजे चढवले आणि पोटावर ओव्याचा शेक दिला. मग बेंबीभोवती हिंग लावला. मग मुरुडशेंग उगाळून चाटवली. रडे थांबेना.

सासूबाई म्हणाल्या, "शेजारी विचारतायत, वैद्यकाकूंकडे शिकतेस ती तूच ना?"

ते शब्द लागले. तिने सहाणेवर जायफळाचे वळसे जरा जास्तच दिले. ते चाटवताच बाळ शांत होऊन झोपी गेले. दुपार कलली तरी डोळे उघडेना, तेव्हा तिचे धाबे दणाणले. बाळाला छातीशी धरून ती काकूंकडे धावली.

काकूंनी श्वास पाहिला. गालावर बोट फिरवताच बाळाने तोंड हलवले, पाजल्यावर दूधही ओढले. "जीव जागेवर आहे. आता ह्याला काही देऊ नकोस. वाट बघ."

"कशाची?"

"रडण्याची."

सांजेला बाळ रडू लागले. शिष्येने हात पुढे केले, ते काकूंनी अडवले.

"काकू, घसा कोरडा पडेल हो त्याचा!"

"थांब गं. ऐकू दे मला."

त्यांनी पोट चाचपले. रडे तसेच राहिले. डाव्या पावलाला हात लागला आणि बाळ किंचाळले. काकूंनी पायमोजा काढला. करंगळीभोवती एक लांब काळा केस आवळून बसला होता. बोट सुजून लालबुंद झाले होते. बाळंतपणानंतर शिष्येचे केस मूठमूठ गळत होते. त्यातलाच तो एक.

काकूंनी सुईच्या टोकाने केस उचलून तोडला. बोटाचा रंग हळूहळू परतू लागला, तेव्हा त्या म्हणाल्या, "ओवा, हिंग, जायफळ, सगळ्यांचे गुण तुला पाठ आहेत. पण पोरी, ही औषधं तू स्वतःच्या भीतीला देत होतीस. तान्ह्या जीवाला रडण्यावाचून दुसरी भाषा नाही. जायफळानं त्याचं दुखणं गेलं नाही, सांगणं तेवढं बंद झालं."

शिष्येने ते इवले पाऊल तळहातावर घेतले.

"काकू, ते गप्प झालं ना, तेव्हा मला बरं वाटलं होतं."

काकूंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. ह्यावर उगाळून देण्यासारखे त्यांच्याकडेही काही नव्हते.

बोट बरे झाले. शिष्या पुढे नावाजलेली वैद्यीण झाली. पण जवळ कुठलेही तान्हे बाळ शांत झोपले की ती हळूच उठे आणि त्याची पावले उघडी करून पाहत बसे.