कपारीतली अर्धी बोली

फार फार वर्षांपूर्वी, नदी आणि रान यांच्या मधोमध एक गाव होतं. गाव साधंच, पण तिथली एक रीत ऐकाल तर अंगावर काटा येईल. लग्न ठरलेल्या दोघांनी रानातल्या काळ्या कातळापाशी जायचं आणि त्याच्या कपारीला तोंड लावून आपापली बोली सांगायची. माझं काय, दोघांचं काय, आणि नाहीच पटलं तर कुणी काय घेऊन निघायचं. कपार दोघांची बोली त्यांच्याच आवाजात परत म्हणून दाखवायची. मग करार पक्का. पुढे बदलायचा झाला तर दोघांनी मिळून यायचं.

त्या गावात एक विणकरीण होती. आईमागे राहिलेला माग आणि आईने शिकवलेली गाणी, एवढंच तिचं धन. तिचं लग्न एका नावाड्याशी ठरलं. नावाडी मनाचा मोकळा होता आणि तिचा त्याच्यावर फार जीव होता.

संध्याकाळी दोघं कातळापाशी गेली. रीत राखणारी म्हातारी सोबत होती. नावाडी कपारीत म्हणाला, "नाव माझी. झोपडी दोघांची. नाही पटलं तर मी नाव घेऊन निघेन, झोपडी हिला राहील."

आता विणकरणीची पाळी. 'माग माझा' हे शब्द तिच्या ओठांवर आले होते. पण उद्या हळद लागायची आणि आज ताटातुटीच्या गोष्टी करायच्या, हे तिच्या अगदी जिवावर आलं. शिवाय माझं-माझं केलं तर त्याला काय वाटेल?

"बोल गं पोरी," म्हातारी म्हणाली. "कपारीला अर्धी बोली चालत नाही."

"मला काही मागायचं नाही, आजी."

"मागायचं नाहीच मुळी. सांगायचंय."

विणकरीण लाजून हसली आणि गप्प राहिली. प्रेमात पडलेली माणसं कुणाचं ऐकतात होय?

कपारीने नावाड्याची बोली म्हणून दाखवली. मग आतून विणकरणीच्याच आवाजात शब्द आले, "हिचं जे आहे, ते माझं."

नावाड्याला वाटलं, तीच काहीतरी पुटपुटली. म्हातारीचा चेहरा मात्र पांढरा पडला. "पोरी, अजून बोल," ती म्हणाली. पण विणकरीण त्याचा हात धरून चालायलाही लागली होती.

लग्न झालं, संसार गोडीत सुरू झाला. पण दिवसभर विणलेलं कापड सकाळी मागावर नसायचं. उरायचा एकच धागा, उंबरठ्यावरून रानाकडे गेलेला. मग तिला गाण्यांचे शब्द आठवेनासे झाले. मग उन्हात दोघं अंगणात उभी असताना सावली एकट्या नावाड्याची पडली. तिचा आवाजही दिवसेंदिवस बारीक होत गेला. नावाडी म्हणायचा, "दमली असशील."

एका दुपारी रानातून गाणं ऐकू आलं. तिच्या आईचं गाणं, तिच्या आवाजात. नावाडी दचकला. "तू तर इथे आहेस. मग तिकडे कोण गातंय?"

"मी संपत चालले आहे," ती कुजबुजली, आणि त्या संध्याकाळी कपारीतून आलेले शब्द आपले नव्हतेच, हे तिने त्याला सांगितलं.

दोघं तशीच कातळाकडे धावली. नावाडी कपारीत ओरडला, "हिचं हिला परत दे."

"तू तुझं बोललास," आतून त्याच्याच बायकोचा आवाज आला. "तिचं तिने बोलावं. आणि ती तर बोलत नाही."

विणकरणीने कपारीला तोंड लावलं. घशात होता नव्हता तेवढा आवाज गोळा करून ती म्हणाली, "माग माझा. हात माझे. आवाज माझा. झोपडी दोघांची. आणि नाही पटलं, तर माझं ते घेऊन मी निघेन." शेवटचं बोलताना तिला रडू कोसळलं.

नावाड्याने डोळे पुसले. "निघालीस तर नदीपार मीच सोडेन," तो म्हणाला.

कपारीने बोली जशीच्या तशी परत म्हटली आणि गप्प झाली. त्या दिवसापासून मागावरचं कापड मागावरच राहिलं, तिचा आवाजही मोकळा झाला. पण आधी गेलेलं गेलंच. दोघं सुखाने म्हातारी झाली, तरी अंगणात सावली एकाचीच पडायची. पुढे लेकीने आजीची गाणी शिकायचा हट्ट धरला, तेव्हा विणकरीण तिला कातळापाशी घेऊन गेली. "कान लावून ऐक," ती म्हणाली. "माझीच आहेत ती, पण माझ्याकडे नाहीत."

तेव्हा मंडळी, संसार मांडण्याआधी दोघांनीही आपलं म्हणणं आपल्या तोंडाने सांगावं, कारण जो गप्प राहतो त्याच्या वतीने भलतंच कुणीतरी बोलून जातं.