तक्रार न करणारे भाडेकरू

रायगव्हाणच्या सर्जेराव राजांना जगातला एकच शब्द सहन होत नसे. तो शब्द म्हणजे ‘गळतंय’!

बाजारपेठेच्या मागे एका ओळीत राजांच्या मालकीची पाच घरं होती. घरं भाड्यानं दिलेली. महिन्याच्या महिन्याला भाडं यायचं, ते राजांना आवडायचं. भाड्यामागून भाडेकरूही यायचे, ते मात्र आवडायचे नाहीत. कुणाचं कौल सरकलेलं, कुणाचा कोयंडा निखळलेला, कुणाच्या भिंतीला ओल आलेली.

आषाढातल्या एका सकाळी हौसा कासारीण दरबारात उभी राहिली. ती बांगड्या विकायची आणि ओळीतल्या शेवटच्या घरात राहायची.

“महाराज, माझी चूल भिजली.”

“मग?”

“वर भोक आहे.”

“केवढं?”

“पाऊस मावतो एवढं.”

राजे ताडकन उठले. “विसाजीपंत! पाचही घरं रिकामी करून घ्या! मला तक्रार न करणारे भाडेकरू पाहिजेत!”

विसाजीपंत राजांचे कारभारी. त्यांनी मान डोलावली. ते नेहमीच डोलावत.

हौसा जागची हलली नाही. पाच घरांत पाच कुटुंबं होती. भर पावसात ती जाणार कुठे?

“महाराज, तसले भाडेकरू मिळतात,” ती म्हणाली. “मी आणून देते.”

“तू? दसऱ्यापर्यंत आण! आणलेस तर मागशील ते देईन. नाही आणलेस, तर तुम्ही पाचही घरांनी रायगव्हाण सोडायचं.”

“कबूल. पण माझीही एक अट. मी आणलेल्यांनी तक्रार केल्याशिवाय महाराजांनी त्यांना बाहेर काढायचं नाही.”

“दिला शब्द!”

त्याच दिवशी पाचही कुटुंबं गावाबाहेरच्या धर्मशाळेत गेली. तिसऱ्या घरातल्या बाळोबा साळ्याचा माग धर्मशाळेच्या दारातून आत जाईना. त्यानं तो शेजारच्या गोठ्यात मांडला आणि म्हशींच्या मधे बसून विणायला लागला.

“हौसाबाई,” तो म्हणाला, “डोक्यावर गळकं का होईना, छप्पर होतं. तुझ्या जिभेपायी तेही गेलं.”

हौसाला ते लागलं. पण ती एवढंच म्हणाली, “बाळोबादादा, दसऱ्यापर्यंत कळ काढा.”

ती रोज बांगड्यांची पेटी घेऊन बाजारात जाई. घरांकडे तिनं एकदाही पाय वळवला नाही. भाडेकरू शोधताना तिला कुणी पाहिलं नाही. विसाजीपंत राजांना सांगत, “महाराज, बाई हरली म्हणून समजा.” दरबारात मात्र कमालीची शांतता होती. राजांना दुपारची झोप छान लागू लागली.

दसऱ्याला सोनं वाटून झालं आणि राजांनी हौसाला बोलावलं.

“कुठे आहेत तुझे भाडेकरू?”

“राहायला आलेत, महाराज. चला, भेटवते.”

पहिल्या घराचं दार ढकलताच फडफड झाली आणि राजांच्या मंदिलावर काहीतरी पांढरं पडलं.

“हे कबुतरांचं बिऱ्हाड,” हौसा म्हणाली. “माणसं पुष्कळ, पण स्वभाव शांत.”

दुसऱ्या घरात विसाजीपंतांनी चौकटीला हात टेकला. हात मनगटापर्यंत आत गेला.

“इथे वाळवी राहते. कामसू आहे.”

बाळोबाच्या घरात घुशीनं जमीन उकरून ढिगारे केले होते. त्यापुढच्या घरात आढ्याला वटवाघळं ओळीनं लटकत होती. हौसानं हळूच दार लोटून घेतलं. “रात्रपाळीची माणसं आहेत. झोपू द्या.”

शेवटचं घर तिचं स्वतःचं. आत घोट्यापर्यंत पाणी साचलं होतं आणि त्यात बेडूक ओरडत होते.

राजांचा चेहरा उजळला. “हे बघ! हे ओरडताहेत! ही तक्रारच झाली!”

“नाही, महाराज. त्यांना घर आवडलंय.”

“भाडं कोण देणार यांचं?” राजे गरजले.

“भाड्याचं महाराज बोलले नव्हते. तक्रार न करणारे पाहिजेत, एवढंच बोलले होते. विसाजीपंत, आषाढापासून एक तरी तक्रार आली का हो?”

विसाजीपंतांनी मनगटावरची वाळवी झटकली. “एकही नाही.”

“बाई, तू माझ्या घरांची माती केलीस!”

“मी एका विटेला हात लावला नाही, महाराज. आम्ही होतो तेव्हा कौल सरकलं की संध्याकाळच्या आत तुमच्या कानावर यायचं. एक माणूस वर चढवला असता तर काम भागलं असतं. यांच्यापैकी कुणी येऊन सांगितलं का?”

राजांनी घराकडे पाहिलं, मग वर पाहिलं. भोकातून आता आकाशाचा बराच मोठा तुकडा दिसत होता.

“मी तर शब्द दिलाय,” ते हळू आवाजात म्हणाले. “हे तक्रार करणार नाहीत आणि मला यांना काढता येणार नाही. मग हे जाणार कसे?”

“सोपं आहे. महाराजांनी कुणालाही काढू नये. फक्त यांच्या सोबतीला तक्रार करणारी पाच बिऱ्हाडं ठेवावीत, आणि त्यांचं ऐकावं. हे आपणहून निघून जातील!”

राजे असे हसले, की पहिल्या घरातली कबुतरं तेव्हाच उडून गेली.

“हरलो! माग काय मागायचं ते. की असं करू, जन्मभर तुझं भाडं माफ!”

“नको, महाराज!” हौसा घाईनं म्हणाली. “फुकट राहिले तर कौल सरकल्यावर कुठल्या तोंडानं सांगायला येऊ? भाडं पाचही घरांचं घ्या. आणि पावसाळ्याच्या आधी दर वर्षी कौलं चाळून, फुटकी बदलून द्या.”

राजे पुन्हा हसले. पाचही घरं दुरुस्त करून जुन्याच बिऱ्हाडांना द्यायचा हुकूम तिथंच सुटला. हौसाला जरीकाठी लुगडं मिळालं. आणि विसाजीपंतांना नवीन काम मिळालं. दर सोमवारी पाचही घरांच्या दारात जाऊन विचारायचं, “गळतंय का हो?”