वीतभर चाकांचा रथ

"सोळाचे बारा झाले! चार टोल गेले कुठे?"

राजा प्रतापधवल रथातून उतरायच्या आधीच गरजला. सारथी सटवाजीने हात जोडले. मोजणीकारकून केशवपंतांनी वाळूचं घड्याळ पोटाशी धरलं आणि ते भलतीकडेच पाहू लागले.

भानगड अशी होती. राजाच्या रथाला एक घंटा होती. चाकाचे शंभर फेरे झाले की तिचा एक टोल पडे. घटकाभराची वाळू सरेपर्यंत किती टोल पडले ते केशवपंत मोजत. सोळा! आसपासच्या एकाही राजाचा रथ घटकेला सोळा टोल धावत नव्हता. त्यांच्या रथांना घंटाच नव्हत्या म्हणा, पण ते राजाला सांगणार कोण!

महिन्यापूर्वी राजाच्या मनाने घेतलं की आपण प्रजेला नीट दिसत नाही. त्याने रथाची सहा वितींची चाकं काढून आठ वितींची बसवली. राजा आता माडीवरच्या बायकांनासुद्धा दिसू लागला, पण टोल पडू लागले बाराच.

"महाराज," सटवाजी म्हणाला, "घोडे पळतात पहिल्यासारखेच. आधी घटकेत पिंपळाच्या पारापर्यंत यायचो, आजही तिथंच आलोय."

"पार सरकला असेल! घंटा खोटं बोलत नाही. हे घोडे म्हातारे झालेत. उद्या घटकेत सोळा टोल पाडून दाखव. घोडे हेच, सारथी तूच, आणि चाबूक उगारायचा नाही. नाही जमलं, तर पाखऱ्या आणि चांदण्या, दोघेही चुन्याच्या घाण्याला!"

दोन्ही घोडे सटवाजीने शिंगरं असल्यापासून हाताने चारून वाढवलेले. घरी येऊन तो ताटावर बसला, पण घास काही उतरेना.

त्याची बायको भिवरा राजवाड्यात बायकांना बांगड्या भरायची. हात पाहून माप सांगण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं, आणि बोलण्यात तर नव्हतंच. तिने सगळं ऐकलं आणि टोपलीतून दोन बांगड्या काढल्या. एक तान्ह्या बाळाची, एक थोराड हाताची. दोन्हींवर कुंकवाचा ठिपका लावला आणि ओसरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एकेक घरंगळत नेली.

"मोजलंत? बाळाच्या बांगडीने आठ गिरक्या घेतल्या, पाटलीणबाईंच्या बांगडीने चारच. ओसरी तेवढीच! मग काय, पाटलीणबाईंची बांगडी म्हातारी झाली?"

सटवाजी ताडकन उठला. "अगं, हेच जाऊन महाराजांना सांगतो!"

"सांगून पटलं असतं तर पार सरकला नसता! रथाला हात लावू नका, असं म्हणाले का ते?"

"नाही. घोडे हेच, सारथी मीच, चाबूक नको. एवढंच."

"मग जेवा पोटभर. नंतर सुताराकडे जाऊ."

दुसऱ्या दिवशी सकाळी राजा बाहेर आला आणि बघतच राहिला. रथाला वीतभर उंचीची चाकं! दारातल्या कोंबडीने मान वर न करता राजाच्या आसनाकडे पाहिलं.

"हे काय सोंग?"

"सोळा टोलांचा रथ, महाराज!" भिवरा बांगड्यांची टोपली कमरेवर घेऊन म्हणाली. "बसून तर बघा!"

राजा बसला. केशवपंतांनी घड्याळ उलटं केलं. सटवाजीने लगाम सैल सोडला आणि घोडे रमतगमत निघाले.

टण्! थोड्याच वेळात टण्! पुन्हा टण्!

"वा!" राजाने मांडीवर थाप मारली. "आता कसे धावतायत! माझी घंटा खोटं बोलत नाही!"

भिवरा रथाच्या बाजूने चालत होती. चालता चालता तिने एका गिऱ्हाइकाला बांगड्या दाखवल्या, भाव केला, आणि चार पावलांत पुन्हा रथाला गाठलं. मागून एक काकडीवाला आला, पुढे निघून गेला. मग काठी टेकत एक म्हातारी आली.

"रामराम महाराज! रथात बसू का म्हणणार होते, पण मला जरा घाई आहे."

म्हातारी पुढे गेली. राजाच्या कपाळाला आठ्या पडल्या. इतक्यात वाळू संपली.

"वीस टोल!" केशवपंत ओरडले.

"वीस? मग पिंपळाचा पार कुठाय?"

"तो काय, लांब तिकडे," भिवराने बोट दाखवलं. "आपण अजून वेशीतच आहोत. पण टोल वीस!"

"ही लबाडी आहे!" राजा कडाडला. "चाकं इवलीशी लावलीत, म्हणून घंटा उगाच बडबडतेय! यात घोड्यांची कसली मर्दुमकी?"

"बरोबर, महाराज! चाक लहान झालं की घंटा उगाच बडबडते, त्यात घोड्यांची मर्दुमकी नाही. मग चाक मोठं झालं आणि घंटा गप्प बसली, त्यात घोड्यांचा गुन्हा कुठला?"

राजाने चाकांकडे पाहिलं, घोड्यांकडे पाहिलं. मग केशवपंतांकडे वळला. "पंत, तुम्ही रोज मोजत होता! तुमच्या नाही लक्षात आलं?"

"मला मोजायला सांगितलं होतं, महाराज."

राजाला जे हसू फुटलं ते आवरेना. हसता हसता तो रथातून खाली पडला. लागलं मात्र नाही. उंची ती केवढी!

"पाखऱ्या आणि चांदण्याला आजपासून रोज भिजवलेले हरभरे!" तो डोळे पुसत म्हणाला, "आणि तुला हे घे!" मनगटातलं सोन्याचं कडं काढून त्याने भिवराच्या हातात घातलं. ते सरळ कोपरापर्यंत घसरलं.

"माप चुकलं, महाराज!"

"पुन्हा?" राजा पोट धरून हसला. "मग सोन्याच्या दोन बांगड्या घडवून घे. माप मात्र तूच दे, बाई. आमचा काही भरवसा नाही!"