पिंगळा, ससा आणि जास्तीचे एक वाक्य

मुलांनो, आपली एखादी भीती कुणाच्या तरी हवाली करून कायमचे मोकळे व्हावे, असे तुम्हाला कधी वाटले आहे का? एका जंगलातल्या सशाला तसे वाटले. त्या जंगलात ओढ्याकाठच्या जुन्या बाभळीवर एक पिंगळा राहत असे, आणि तो प्राण्यांच्या मनातल्या भीतीवर उपचार करी. सुगरणीचा एक रिकामा खोपा तो पंजाने हळूहळू हलवायचा. त्याकडे बघता बघता समोरच्याची तंद्री लागायची, आणि तंद्रीत कानावर पडलेले शब्द मनात खोल रुजायचे. म्हणूनच पिंगळ्याने स्वतःला एक शिस्त लावून घेतली होती. आधी "काय हवंय?" असे विचारायचे, आणि मागितले असेल तेवढेच सांगायचे. शिवाय उपचार चालू असताना बघ्यांना जवळ बसू द्यायचे नाही.

ससा आला तो कान पाडूनच. "पिंगळेदादा, पाचोळा वाजला की माझी गाळण उडते. माझ्याच पायाखालचा वाजला तरी! धड चरताही येत नाही हो."

पिंगळ्याने खोपा हलवायला घेतला. पण त्या दिवशी वरच्या फांदीवर चार साळुंक्या येऊन बसल्या होत्या. "अगबाई, नुसत्या खोप्याने झोपवलं! केवढी ही विद्या!" असे त्या म्हणाल्या, आणि पिंगळ्याला काही त्यांना हाकलवेना. "ससोबा, पाचोळ्याला भिऊ नकोस," एवढे सांगून थांबायचे, तर तो ऐटीत पुढे म्हणाला, "आणि कशालाच भिऊ नकोस!" साळुंक्यांनी पंख फडफडवून वाहवा केली. पिंगळा छाती फुगवून ढोलीत शिरला आणि छान झोपला.

तिसऱ्या दिवशी सशीण धापा टाकत आली. "भावोजी, काय करून ठेवलंत हे! काल यांनी कोल्ह्याचं शेपूट ओढलं. आज बिबट्याच्या गुहेत जाऊन त्याला म्हणाले, 'तुमच्या तोंडाला वास येतो, दात घासत जा.'"

"मग?" पिंगळ्याने ढोलीतून मान बाहेर काढली.

"त्याचं पोट भरलेलं होतं म्हणून वाचले! उद्या सकाळी न्याहारीला ये म्हणालाय, आणि हे तयारीला लागलेत. मला विचारतात, रिकाम्या हाताने कसं जायचं?"

पिंगळा खोपा चोचीत धरून तसाच उडाला. ससा खरोखरच बिबट्यासाठी गवताची जुडी बांधत बसला होता.

खोपा खाली ठेवून पिंगळ्याने विचारले, "ससोबा, तुझी भीती परत देऊ का रे?"

"छे! मला मस्त वाटतंय."

मागोमाग धावत आलेली सशीण पिंगळ्याच्या कानाशी कुजबुजली, "विचारता काय? हलवा खोपा गुपचूप. यांना कळायचंही नाही."

पिंगळ्याने पंजा उचलला. एकदा खोपा हलवला की झाले, सशाचा जीव वाचला असता. पण त्याने पंजा खाली घेतला. "नाही वहिनी. न विचारता केलं, त्याचाच हा सगळा घोळ आहे." मग तो सशासमोर जाऊन बसला. "ससोबा, मी चुकलो. तू फक्त पाचोळ्याचं बोलला होतास. चार साळुंक्यांनी वाहवा करावी म्हणून मी तुझी सगळीच भीती काढून घेतली. ती तुझी होती. मी तुला विचारायला हवं होतं."

ससा जुडी बांधता बांधता थांबला. तेवढ्यात गवतावरून ससाण्याची सावली सरकली. सशीण टुणकन करवंदीच्या जाळीत शिरली. जवळच खेळणारे त्यांचे पिल्लू मात्र बाबांसारखेच मान ताठ करून, वर बघत उभे राहिले! सशिणीने पुन्हा बाहेर झेप घेऊन त्याला मानेला धरून आत ओढले, म्हणून ते वाचले. ससा होता तिथेच बसलेला होता.

"दादा, मी का नाही धावलो?"

"धावायला लावणारी भीती मी नेली ना, बाबा."

सशाने जाळीत जाऊन पिल्लाला कुशीत घेतले. मग म्हणाला, "द्या परत. पण पाचोळ्याची तेवढी राहू दे तुमच्याकडेच!"

पिंगळ्याने आधी वर पाहिले. साळुंक्या इथेही मागोमाग आल्याच होत्या. "जा गं बायांनो, इथे तमाशा नाही," असे म्हणून त्याने त्यांना हाकलले. जे सांगणार ते शब्द मोठ्याने म्हणून दाखवले, सशाने मान डोलावली, आणि मगच खोपा हलला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बिबट्या दात घासून, मिशा साफ करून गुहेच्या तोंडाशी पाहुण्याची वाट पाहत बसला, आणि ससा दूर ओढ्यापलीकडे, वाजत्या पाचोळ्यात बसून कोवळे गवत खात होता.

तात्पर्य : ज्याने विश्वासाने स्वतःचे मन आपल्या हाती दिले, त्याने मागितल्याहून एक शब्दही आपण त्यात जास्त घालू नये; आणि चूक झालीच, तर ती त्याला सांगून, त्याला विचारूनच दुरुस्त करावी.