धुरपाचा दिवा

खूप जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा कासवं बोलायची आणि माणसं ऐकूनही घ्यायची.

धुक्यात बुडालेल्या एका तळ्याकाठी एक गाव होतं. तिथली रीत मोठी देखणी. दिवेलागणीला प्रत्येक घर पानाच्या द्रोणात दिवा ठेवून तळ्यात सोडायचं. ज्याचं देणं थकलंय, त्यानं मात्र ते फिटेपर्यंत दिवा सोडायचा नाही. दिवा असला की गावात हवं ते उधार मिळे. दिवा नसला की कुणी दारात उभं करत नसे.

या गावात धुरपा लव्हाळ्याच्या चटया विणायची. होडीतून तळ्याच्या मध्यावर जायचं, लव्हाळे कापून आणायचे, त्यावर मायलेकींचं पोट चालायचं. एका हिवाळ्यात लेकीला ताप भरला. पोर डोळेच उघडेना. धुरपानं धावत जाऊन वैद्यबुवांना आणलं. त्यांनी महागाच्या मुळ्या उगाळल्या, उशाशी बसून राहिले, आणि पोर वाचली हो! धुरपाच्या डोळ्यांचं पाणी खळेना.

देणं मात्र राहिलं. वैद्यबुवांनी ब्रसुद्धा काढला नाही. "सावकाश दे गं," एवढंच म्हणाले. पण गावात काय लपतं? संध्याकाळी गावचे थोरले, आबा, काठावर उभे होते. त्यांनी धुरपाच्या हातातला द्रोण काढून घेतला.

"रीत ती रीत," ते म्हणाले.

त्यातच तिच्या होडीचा तळ कुजला. ती सुताराकडे गेली.

"दादा, जुनी का असेना, एक होडी उधार द्या. चटया विकल्या की तुमचंही फेडीन नि वैद्यबुवांचंही."

"तुझा दिवा कुठाय?"

"आजवर तुमचं कधी काही बुडवलंय का मी?"

सुतारानं मान खाली घातली. "नाही गं. पण दिवा नाही, तर मी तरी काय करू?"

आता बघा गंमत! होडी नाही म्हणून चटया नाहीत, चटया नाहीत म्हणून देणं फिटत नाही, आणि देणं फिटत नाही म्हणून होडी नाही. लेकीच्या ताटात अर्धी भाकरी वाढताना धुरपाचं काळीज तुटायचं.

पुढे तोच ताप गावभर पसरला. नवल असं, की तळ्यावरचा एकही दिवा कमी होईना. आबा हरखले. "बघा, कसं ठणठणीत गाव आहे माझं!"

काठावर बसलेल्या धुरपाजवळ एक म्हातारं कासव वर आलं. "धुरपे, तुम्हाला वरून उजेड दिसतो. मला खालून घराघरातलं कण्हणं ऐकू येतं. तुझं जे झालं ते पाहून वैद्याला कुणी बोलावतच नाही. आजारी माणसं आतल्या खोलीत लपवलीत."

क्षणभर तिच्या मनात आलं, भोगू देत मेल्यांना! पण लेकीचे मिटलेले डोळे आठवले आणि तिला राहवेना. ती तडक आबांच्या दारात गेली आणि कासवाचं बोलणं सांगू लागली.

"जिचा दिवा नाही, तिचं काय ऐकायचं?" आबा उखडले. तेवढ्यात त्यांच्याच माजघरातून बारीक खोकला ऐकू आला. सून बाहेर आली.

"मामंजी, बाळ कधीचं तापलंय. मुळ्यांपुरतं घरात काही नव्हतं. तुमचाच दिवा गेला असता, म्हणून बोलले नाही."

आबा अनवाणीच वैद्यांकडे धावले. नातू वाचला, पण त्याचे कान गेले. "थोडं आधी बोलावलं असतं तर..." वैद्यबुवा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला सारा गाव आबांकडे बघत होता. आता वैद्यांचं देणं त्यांच्याही डोक्यावर होतं. आबांनी आपल्या हातातला द्रोण धुरपाच्या ओंजळीत ठेवला.

"आधी तुझा सोड, पोरी. दुखण्याचं देणं ज्यानं त्यानं जमेल तसं फेडावं, पण त्यापायी या गावात कुणाचा दिवा अडणार नाही."

सुतारानं तिथल्या तिथे होडी दिली. पुढचा हिवाळा यायच्या आत धुरपानं दोघांचंही फेडलं.

आबा मात्र पुढेही तळ्याकाठी खेळणाऱ्या नातवाला हाक मारायचे. तो वळून बघत नसे.

तात्पर्य : आजारपणात झालेल्या देण्यावरून माणसाची पत ठरवू नये, नाहीतर माणसं पत सांभाळतात आणि जीव गमावतात.